डाव्या तर्जनीचा खुलासा

कोलंबी, डुक्कर, रेशमाचा किडा आणि समुद्रातलं तपकिरी शेवाळ या चौघांनी मिळून माझी पीएच.डी. लांबवली. चौघांवरही माझा राग नाही. विषय मीच निवडला होता आणि निवडताना मला कुणी धमकावलं नव्हतं. 'मऊ ऊतींच्या अभियांत्रिकीसाठी नैसर्गिक पॉलिमरचे हायड्रोजेल' असं काहीसं नाव होतं. त्यातल्या 'नैसर्गिक'वर मी भाळले. आमची सीनिअर कृत्रिम पॉलिमरवर काम करायची, कायम कुठल्या तरी द्रावकाच्या वासात असायची आणि तिचे केस गळायचे. (केसांचा संबंध द्रावकाशी नसावा, तिच्या गाइडशी असावा.) मी ठरवलं, आपण निसर्गाच्या बाजूने राहायचं. निसर्गात तयार झालेलं ते शरीराला मानवतं, ते मऊ असतं, समजूतदार असतं. खोकल्याला अडुळसा आणि भाजल्याला कोरफड, एवढ्या घरगुती पुराव्यावर मी हा सिद्धान्त उभा केला होता.

काम मात्र खरोखर मोलाचं आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढून टाकली की तिथे खळगा उरतो. सर्जन पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तो भरतात. पण भरलेल्या चरबीतली बरीचशी काही महिन्यांत शरीर शोषून घेतं आणि किती शोषणार हे आधी सांगत नाही. त्यापेक्षा तिथे लांबलांब रेणूंची, पाण्याने गच्च भरलेली एक जाळी ठेवावी. आजूबाजूच्या पेशी तिच्यात शिरतील, रक्तवाहिन्या येतील, जाळी हळूहळू विरघळून जाईल आणि तिच्या जागी माणसाची स्वतःची चरबी राहील. ही जाळी म्हणजेच हायड्रोजेल. वजनात बघितलं तर बहुतेक पाणीच, पण सांडत नाही. मुलाखतीत मी हे असंच सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि फेलोशिप देऊन टाकली. त्यातल्या एकानेही 'सांडत नाही कशावरून?' असं विचारलं नाही, याचं मला पुढे फार वाईट वाटलं.

मऊ म्हणजे किती मऊ, हाही साधा प्रश्न नाही. २००६ साली एंग्लर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकाच प्रकारच्या मूळ पेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर त्या चेतापेशींच्या वाटेला लागतात, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूच्या आणि आणखी कडक पृष्ठभागावर हाडाच्या. मेंदूसाठी ०.१ ते १ किलोपास्कल, स्नायूसाठी ८ ते १७, हाडासाठी २५ ते ४०. पेशी खालचा आधार ओढून बघते आणि त्यावरून आपण कोण व्हायचं ते ठरवते. चरबी दोन-चार किलोपास्कलच्या घरात येते. म्हणजे मला तेवढाच मऊपणा हवा होता, ना कमी ना जास्त. माझ्या जेलचे मात्र दोनच प्रकार निघाले: एक फरशीवर वाहणारे आणि दुसरे फरशीवरून उसळणारे.

सुरुवात शेवाळापासून केली. अल्जिनेट हे १८८०च्या दशकात स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळातून काढलं. पांढरी भुकटी पाण्यात विरघळवायची, कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात तिचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. अल्जिनेटच्या लांब साखळीत ग्युल्युरॉनिक आम्लाचे पट्टे असतात. दोन साखळ्यांचे असे पट्टे समोरासमोर आले की मधल्या खोबणीत कॅल्शियम जाऊन बसतं आणि थेंबाचा मणी होतो. पहिल्याच दिवशी झाला. मी त्याचं चित्रण करून घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्याने विचारलं, "हे खायचं का?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. स्पेनमधल्या एल बुली या हॉटेलात फेरान आद्रिया २००३पासून नेमकी हीच युक्ती करून फळांच्या रसाचे मणी लोकांना खाऊ घालत होता. मी मात्र आत्याला खूप वरच्या आवाजात समजावलं, की हे खायचं नसून हे वैद्यकशास्त्राचं भविष्य आहे.

ते भविष्य मी संध्याकाळी फॉस्फेट बफरमध्ये धुतलं आणि त्यातच ठेवून घरी गेले. पेशींचं काम करणारा प्रत्येक माणूस प्रत्येक वस्तू फॉस्फेट बफरमध्ये धुतो. आमच्या लॅबमध्ये तो बफर जवळपास देवघरातल्या पाण्याच्या मानाने वावरतो. सकाळी बाटलीत नितळ द्रव होता आणि मणी एकही नव्हता. मी शेजारच्या टेबलवरच्या ज्युनिअरवर संशय घेतला. रोखून बघितलं, फिरवून फिरवून विचारलं, "काल शेवटी लॅब कोणी बंद केली?" बिचारा दोन दिवस माझ्या वाटेला गेला नाही. तिसऱ्या दिवशी एका जुन्या शोधनिबंधात सापडलं, की फॉस्फेट कॅल्शियमला आवडीने धरतं, बफरमधलं सोडियम त्याच्या जागी जाऊन बसतं, साखळ्या सुटतात आणि जेल पुन्हा सूप होतं. भविष्य मीच धुऊन टाकलं होतं. ज्युनिअरला चहा पाजला, कारण सांगितलं नाही.

बफर बदलला, मणी टिकले. मग त्यांत पेशी घातल्या. पेशी आतमध्ये गोल गोल राहिल्या, हातपाय पसरेनात. मरत नव्हत्या, वाढतही नव्हत्या. अल्जिनेटमध्ये आपल्या पेशींना धरायला काहीच नसतं. शेवाळाने आमच्या पेशींचा विचार करून ते बनवलेलं नाही. मूनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याला अमिनो आम्लांचा एक आखूड तुकडा जोडून पेशींना पकड मिळवून दिली होती. तो तुकडा विकत घ्यायला निघाले, तेव्हा त्याची किंमत बघून सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितली. किंमत तीच होती. "शेवाळ पुरे," ते म्हणाले.

मग कायटोसान. कोलंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं आणि १८५९ साली रुजे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते तीव्र अल्कलीत उकळून कायटोसान मिळवलं. तयार बाटली मिळते, पण आमची मागणी कुठल्याशा फायलीत आडवी झाली होती. माझ्या अंगात तेव्हा स्वावलंबन संचारलं. शुक्रवारी मंडईतल्या कोळीणमावशींकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, सोललेल्या कोलंबीची टरफलं द्या."

"आणि कोलंबी?"

"कोलंबी नको."

मावशींनी मला वर-खाली न्याहाळलं. त्यांच्या धंद्यात सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं आली असतील, पण कोलंबी टाकून टरफलं मागणारं पहिलंच असावं. "घरात मांजर आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. प्रबंधात मांजराचा उल्लेख नाही.

पहिली पायरी, टरफलांतला चुना काढण्यासाठी ती हायड्रोक्लोरिक आम्लात घालायची. कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे मी सातवीत शिकले होते आणि नववीत त्यावर पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तरीही मी काठोकाठ भरलेल्या बीकरमध्ये आम्ल एका दमात ओतलं. फेस वर आला, काठावरून उतरला, फ्यूम हूडच्या कडेला लागला आणि कोलंबीची शेपट्या-मिशांसकट एक मिरवणूक खाली निघाली. दुसरी पायरी, प्रथिनं काढायला सौम्य कॉस्टिक. तिसरी, तीव्र कॉस्टिकमध्ये तापवणं. या तिन्ही पायऱ्यांमध्ये वास कमी होत जातो असं वाचलं होतं. पहिल्या पायरीला तो किती असतो ते वाचलं नव्हतं. आमच्या मजल्यावर संगणकाचा विभागही आहे. तिथल्या प्राध्यापकांनी खिडकीबाहेर मेलेला पक्षी शोधायला माणूस लावला.

शेवटी हाती आलं ते विटकरी, भुसभुशीत कायटोसान होतं. ते खरंच कायटोसान होतं, पाण्यात विरघळत नव्हतं आणि पातळ ॲसेटिक आम्लात विरघळत होतं. अडचण अशी, की पेशींना ७.४ सामू लागतो आणि कायटोसान साधारण साडेसहाच्या वर गेलं की द्रावणातून निघून खाली बसतं. म्हणजे जिथे ते राजी, तिथे पेशी मरणार आणि जिथे पेशी राजी, तिथे ते रुसणार. शेनिते यांच्या गटाने २०००च्या सुमारास यावर ग्लिसेरोफॉस्फेटचा तोडगा काढला: थंडीत द्रव, शरीराच्या तापमानाला जेल. मी तो केला. एका खेपेला काही मिनिटांत जेल झालं, दुसऱ्या खेपेला दुपारभर नाही. कारण दोन्ही खेपांची टरफलं वेगळी होती. कुठली जात, कुठला हंगाम, माझं उकळणं किती वेळ, यावर रेणूची लांबी आणि त्यावरचे अमिनो गट ठरतात, आणि कोळीणमावशी यातलं काहीच कागदावर लिहून देत नाहीत. सरांनी विचारलं, "कंट्रोल कुठे आहे?" कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, ज्यात काही बदल केलेला नाही असा नमुना. मी म्हटलं, "मंडईत विकला गेला, सर."

रेशमाबद्दल थोडक्यात सांगते, कारण दोष अजून नक्की ठरलेला नाही. जालन्याच्या कोष बाजारातून ओळखीने कोष आणवले, सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळून वरचा सेरिसिनचा डिंक काढला, उरलेलं फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या घट्ट द्रावणात विरघळवलं आणि दिवसचे दिवस पाण्यात डायलिसिस करून स्वच्छ, सोनेरी द्रावण मिळवलं. एवढं देखणं काहीही मी त्याआधी बनवलं नव्हतं. दुसऱ्या संस्थेतल्या यंत्रावर मोजणी होती, म्हणून बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून निघाले. रेशमाच्या रेणूंना हलवलं, घुसळलं, की ते एकमेकांना चिकटून घड्या घालतात आणि जेल होतं; प्रयोगशाळेत त्यासाठी मुद्दाम घुसळणी यंत्र वापरतात. आमच्या रस्त्यावर यंत्राची गरज पडली नाही. पोहोचून डिकी उघडली, तर बाटली उलटी केली तरी काही पडेना. द्रावण बरंच जुनं झालं होतं, तेही कारण असेल. मी मात्र खड्ड्यांची बाजू आजही सोडलेली नाही.

उरलं डुक्कर. डुकराच्या कातडीतलं कोलॅजन आम्लात भिजवून, तापवून जिलेटिन निघतं. ते स्वस्त आहे, पेशींना धरायला जागा असलेलं आहे, शरीर त्याला ओळखतं. एकच दोष, तो जरा मोठा आहे: शरीराच्या तापमानाला ते वितळतं. फ्रीजमध्ये कणखर, माणसात पाणी. हे सगळ्यांनाच कळून चुकलेलं आहे. १८८१च्या सुमारास जर्मनीत वाल्टर हेस जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरायचे आणि उन्हाळ्यात ते पातळ व्हायचं. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी आपल्या जेली उन्हाळ्यातही का टिकतात ते सांगितलं, त्यांत अगर असे, आणि ती गोष्ट रॉबर्ट कॉखपर्यंत गेली. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा तेव्हापासून फॅनीबाईंच्या स्वयंपाकघरावर चालतात. मी हे वाचलेलं असूनही मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत, जिलेटिनच्या सुबक चकत्या टेबलावर मांडून जेवायला गेले. परत आले तेव्हा चकत्यांऐवजी टेबलावर एक तळं होतं, त्यात माझी नोंदवही.

जिलेटिनला पक्कं करायला साखळ्यांमध्ये कायमच्या गाठी माराव्या लागतात. ग्लुटारल्डिहाइडने मारता येतात, पण ते पेशींना विषारी. त्याहून कितीतरी सौम्य म्हणून जेनिपिनचं नाव घेतात. ते अनंताच्या फळातून निघतं. हो, आपला अनंत, देवाला वाहतो तो. (आपल्या परसातल्या भरगच्च पाकळ्यांच्या अनंताला सहसा फळ धरत नाही, तेव्हा कोणी शोधायला जाऊ नये.) आमच्या लॅबमध्ये आलेल्या इवल्याशा बाटलीचा भाव वजनाने सोन्याच्या वर होता. जेनिपिन प्रथिनांतल्या अमिनो गटांना धरतं, जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि जेल ३७ अंशांनाही टिकतं. जाता जाता त्याला निळा रंग येतो. आधी हवा लागते त्या बाजूने, मग आत, फिका, गडद, जवळजवळ काळा. सर पहिल्यांदा खूश झाले. "नैसर्गिक," ते म्हणाले.

जेनिपिन सगळ्याच प्रथिनांतल्या अमिनो गटांना धरतं, आणि माणसाची कातडी प्रथिनाची असते, ही दोन वाक्यं मला वेगवेगळी पाठ होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक जेनिपा नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाच्या रसाने अंगावर नक्षी काढतात, त्यातही हेच असतं. लावताना रंग दिसत नाही, काही तासांनी चढतो आणि कातडीचा वरचा थर झडेपर्यंत जात नाही. हेही मी वाचलं होतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला होता.

त्या दिवशी एक सर्जन जेल बघायला येणार होते. त्यांना बघायचं होतं, की हे सुईतून जातं का. रुग्णाला चिरण्याऐवजी टोचून खळगा भरता आला तर त्याचं मोल खूप. जिलेटिन आणि जेनिपिन मिसळलं, की सुरुवातीला काही काळ ते पातळ असतं, तेवढ्यात टोचायचं, मग ते आत घट्ट होतं. मी त्यांच्या येण्याच्या वेळेचा हिशेब करून मिश्रण केलं. पण ते सर्जन होते. त्यांना एक ऑपरेशन लांबलं आणि मी सिरिंज ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून वाट बघत राहिले. ते आले, खुर्ची नको म्हणाले, टेबलापाशी वाकून उभे राहिले. मी हातमोजे काढून ठेवले होते, कारण फोन उचलायचा होता, आणि परत घालायला विसरले. सिरिंजच्या दांड्यावर अंगठा दाबला. काही आलं नाही. आणखी दाबला. सुईच्या टोकाशी निळसर टिपका दिसला आणि तिथेच थांबला.

"जाम झालंय," डॉक्टर म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून आणखी वाकले.

सिरिंजा दोन तऱ्हेच्या असतात. एकीत सुई फिरवून अडकवतात, दुसरीत नुसती खोचतात. माझी दुसरी होती. मी दोन्ही अंगठे लावले. सुई सुटून खिडकीकडे गेली, तिच्यामागोमाग जेल निघालं. त्यातलं काही माझ्या तळव्यांवर आणि बोटांवर आलं, काही छताला लागलं आणि उरलेलं डॉक्टरांच्या कपाळावर, डाव्या भुवईपासून केसांपर्यंत. त्यांनी शांतपणे रुमाल काढून पुसलं. रंग नव्हताच म्हणायला, जरासा पांढुरका ओशटपणा. "हरकत नाही, धुतलं की जाईल," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला ते खरंच वाटलं, की मला फक्त त्या क्षणी विषय संपवायचा होता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याच रात्री मी एसटीने गावी निघाले. दुसऱ्या दिवशी मतदान होतं आणि माझं नाव तासगावजवळच्या आमच्या गावच्या यादीत आहे. गाडीत हात फिके निळे वाटले, मी दिव्याला दोष दिला. पहाटे उतरले तेव्हा दोन्ही तळवे आणि दहाही बोटांची आतली बाजू गडद जांभळट निळी होती. आईने हात हातात घेऊन उलटसुलट केले. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं. आजीने लांबूनच विचारलं, "शिकायला पाठवलंय का रंगाऱ्याकडं?" तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "हे चढतंय."

मी जेनिपिनची रासायनिक क्रिया सांगायला लागले. त्यांनी मध्येच तोडलं. "सकाळपासून ओपीडीत बसलोय. एका आजींनी विचारलं, हे कुठल्या देवाचं गंध. जातं कधी, तेवढं सांगा."

"कातडी झडली की."

पलीकडून बराच वेळ फक्त ओपीडीतला गलका ऐकू येत राहिला.

मतदान केंद्र आमच्याच प्राथमिक शाळेत होतं. पहिल्या अधिकाऱ्याने यादीत नाव शोधून मोठ्याने वाचलं, मी पुढे सरकले. दुसऱ्यापुढे शाईची बाटली होती. म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी, १९६२च्या निवडणुकीपासून देशभर चालणारी ती सिल्व्हर नायट्रेटची शाई. अधिकारी खाली बघतच म्हणाले, "डावा हात." मी डावा हात पुढे केला. त्यांनी शाईची काडी बुडवली, वर बघितलं आणि काडी परत बाटलीत ठेवली.

"ताई, हे काय?"

तर्जनीवर आधीच खूण असेल तर मत देऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. माझी तर्जनी निळी होती. शेजारची मधली, अनामिका, करंगळी, अंगठाही. मी उजवा हात लपवायला गेले आणि नेमकं त्यामुळेच दोन्ही पक्षांचे एजंट उठून उभे राहिले. एक आमच्या गल्लीतलेच काका. "दहा ठिकाणी मतं टाकून आलीस काय गं पोरी?" त्यांनी विचारलं. रांग हसली. दुसरा एजंट हसला नाही. मागच्या खेपेला कुणी पपईचा चीक लावून शाई काढली होती, ही नवी तऱ्हा असेल, असं तो म्हणाला. मी खुलासा सुरू केला. हा अनंताच्या फळाचा पदार्थ आहे, डुकराच्या जिलेटिनला तो घट्ट करतो... 'डुकराच्या' म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी माझा हात सोडला.

केंद्राध्यक्षांना बोलावलं. कुठल्या तरी शाळेतले गुरुजी असावेत. शांत, पुढ्यात नियमांचं पुस्तक, पुस्तकात खुणेला घातलेली बसची तिकिटं. माझा खुलासा त्यांनी ऐकूनच घेतला नाही. "दोन्ही हात उताणे करा," ते म्हणाले. केले. "आता पालथे." केले. त्यांनी चष्मा सरकवून माझी नखं एकेक करून बघितली. मग दुसऱ्या एजंटाला जवळ बोलावलं, त्याचं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं. तो सकाळीच मत देऊन आला होता. नखाच्या टोकापासून खाली, नखामागच्या कातडीपर्यंत काळी रेघ होती.

"शाई नखावरनं लावतात," गुरुजी म्हणाले. "हिचं नख कोरं. पालथा हात कोरा. आणि शाई लावणारा उजव्या हाताला कशाला जाईल? उजवा बी निळा, डावा बी निळा. मत दिलेलं नाही. लावा शाई."

मी थक्क झाले. तुलनेला नमुना, दोन्ही बाजू तपासणं, आधी निरीक्षण आणि मग निष्कर्ष. सर माझ्या मागे जे घेऊन लागले होते ते गुरुजींनी पाच मिनिटांच्या आत, रांग न थांबवता करून दाखवलं होतं. मला त्यांना मार्गदर्शक व्हाल का, असं विचारावंसं वाटलं. शाई लागली, नखावर ठळक उमटली, मी मत दिलं. बाहेर पडताना काका म्हणाले, "घरी जाऊन हात धू." मी म्हटलं, "धुतले."

पुण्याला परत आले तेव्हा छतावरचा ठिपका सुकून नखाएवढा कडक झाला होता. सल्लागार समितीची बैठक जवळ आली होती आणि स्लाइड कमी पडत होत्या. सरांनी एक नवी सुचवली: 'निळ्या रंगामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी जेलचं स्थान डोळ्यांनी ओळखता येतं.' दोष हा गुण म्हणून मांडण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही. बैठकीत बाहेरून आलेल्या प्राध्यापिकाबाई त्याच स्लाइडवर थांबल्या.

"हा रंग ऊतींमध्ये किती दिवस टिकतो? काही माहिती?"

मी उत्साहात म्हटलं, "हो, मॅडम. कातडीवर दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत दिसतो."

"कुठल्या प्राण्यात?"

मी गप्प झाले. माझे हात टेबलावर होते, अजून तळव्यांच्या रेघांत निळे. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"नमुने किती?"

"दोन."

"दुसरा कोण?"

"सर्जन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एथिक्स कमिटीची परवानगी घेतली होती?"

सरांनी माझ्या हातातलं रिमोट काढून घेतलं आणि पुढची स्लाइड लावली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'आभार' लिहिलं होतं.